ऋतुजाची तक्रार कुणी करेना

माझ्या मुलीला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी टिकत नाही आणि अंगात सतत चाळा असतो. हे नाव कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. डॉक्टरांनी उशीर केला नाही. उशीर आम्ही केला, आमच्या घराने केला आणि थोडा गावानेही केला. आजार हा शब्द मला अजून नीट पटत नाही, पण लोकांना तोच कळतो म्हणून वापरते. कुणाच्या घरात असं लेकरू असेल तर त्यांनी वाचावं. आमच्याकडून जे वाईट घडलं तेही लिहिणार आहे. ते झाकलं तर लिहून उपयोग नाही.

आमचं गाव तलवाड्याच्या पुढे, फाट्यावरून आत. सासरे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो, गाव चेअरमन म्हणतं. शाळेच्या समितीवरही तेच. माझे मालक, दत्ता, संस्थेचा दुधाचा टेम्पो चालवतात. मी सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर बसते, आलेल्या दुधाची फॅट, म्हणजे त्यात स्निग्धांश किती, ते मोजते. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. ऋतुजा एकुलती एक.

गाठ

तेव्हा ती आठ वर्षांची, तिसरीत होती. दुकानातून मीठ आण म्हटलं की दारापर्यंत जायची. दारात कोंबडी दिसली की कोंबडीमागे, तिथून चाऱ्याच्या गंजीवर, आणि अर्ध्या तासाने एका पायातली चप्पल हरवून परत. मिठाचं विचारलं की खरोखर दचकायची. सोंग नव्हतं ते. वहीत पहिल्या तीन ओळी मोत्यासारख्या, चौथ्या ओळीला अक्षर डगमगायचं, पुढं पान कोरं. एक भाकरी एका बैठकीत तिने कधी खाल्ली नाही. तीनदा हाक मारावी, चौथ्यांदा मारावं. मी मारायचे.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. विहिरी दिवाळीतच आटल्या. टँकर एक दिवसाआड यायचा आणि केंद्राच्या आवारातल्या संस्थेच्या मोठ्या टाकीत पाणी सोडायचा. तिथून नंबराने घागरी भरायच्या. ऋतुजाला सोबत नेलं की ती रांगेत घुसायची, कुणाची तरी घागर लवंडायची. पाणी सांडलं की बायका माझ्याकडं बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. चेअरमनची नात.

म्हणून मी तिला बांधू लागले.

ओढणीने एक पाय बाजेच्या पायाला बांधायचा, समोर पाटी ठेवायची, दाराला कडी लावून पाण्याला जायचं. अर्धा तास, कधी पाऊण तास. ती रडायची नाही. एकदा मी गाठ मारत होते तर म्हणाली, "घट्ट मार आई, न्हाईतर मी सोडवती."

त्या वाक्यानंतरही मी कित्येक महिने तिला बांधलं. दुसरा उपाय सुचत नव्हता. रांगेत उभी असताना मला वाटायचं, त्या खोलीत दोघीजणी कोंडलेल्या आहेत, आणि कडी लावणारीही मीच आहे.

शाळेतून मात्र कधी तक्रार आली नाही. प्रगतिपुस्तकात सगळीकडे 'अ'. शेरा: हुशार, बोलकी, उत्साही. मला वाटायचं, पोर फक्त माझ्याच हातात बिघडते. म्हणजे बिघाड माझ्यातच आहे.

ओले पाय

एका दुपारी ती घरी आली तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. त्या दिवसांत आमच्या गावात कुणाचे पाय ओले नसायचे. मी काही विचारायच्या आत केंद्राकडून आरडाओरड सुरू झाली. टाकीचा नळ कुणीतरी उघडा टाकला होता. त्याच सकाळी भरलेलं सगळं पाणी फाटकाखालून वाहून गेलं आणि जमिनीने पिऊन टाकलं.

तात्या ओसरीवर होते. त्यांनी आधी ऋतुजाच्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हिला आत घे. पाय पूस," एवढंच म्हणाले, टोपी घातली आणि गेले.

मी कोरड्या फडक्याने तिचे पाय पुसले. ती सांगत होती, "मुंग्यांला पानी दाखवायचं व्हतं. मग शेळीचं पिल्लू पळालं."

"नळ कावून बंद केला न्हाईस?"

"करनारच व्हते," ती म्हणाली, आणि मुठीने आपल्या कपाळावर मारायला लागली. "माजं डोकंच खराब हाय. माजं डोकंच खराब हाय."

मी तिचा हात धरला. आणि जवळ घ्यायचं सोडून म्हणाले, "हे कुनाला सांगायचं न्हाई."

संध्याकाळी दूध घालायला लोक जमले तेव्हा तात्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सोपानने नळ उघडा टाकला, उद्यापासून त्याने यायचं नाही. सोपानमामा म्हणजे केंद्रावरचे जुने कामगार. कॅन उचलणं, धुणं, टाकीची राखण, सगळं त्यांच्याकडं. पन्नाशी उलटलेला माणूस हात पुढे बांधून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मी पाच पावलांवर दुधाची नळी उजेडाला धरून आकडा बघत बसले होते. मीही बोलले नाही. दोन दिवस गाव पाण्यावाचून राहिलं.

कधीच नाही

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. त्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ऋतुजाला वजनकाट्यावर उभं केलं. तिच्याच्याने काटा स्थिर होईपर्यंत उभं राहवेना. चारदा प्रयत्न झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरीपण अशीच असते का?" आठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी नुसती मान हलवली. त्यांनी बीडच्या मुलांच्या मनोविकार तज्ज्ञांकडे जायला सांगितलं.

मनोविकार शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. "डोळे तपासायचेत," असं तात्यांना सांगून आम्ही एसटीने बीडला गेलो. दत्ता सोबत आले ते फक्त मी गप्प बसत नव्हते म्हणून.

डॉक्टर वयाने माझ्या आईएवढ्या. मला वाटलं होतं, रक्त काढतील, डोक्याचा फोटो काढतील, निकाल लागेल. तसं काही नव्हतं. त्यांनी कान, डोळे, रक्तातलं लोह तपासून घ्यायला सांगितलं, तिथं काही दोष नाही ना बघायला. बाकी दोन तास नुसतं विचारत होत्या. रांगायला कधी लागली, झोपते कशी, खेळात किती वेळ रमते, घरात ताण काय. ऋतुजा तोपर्यंत टेबलाखाली जाऊन फायलींच्या दोऱ्या सोडत होती.

"घरी जे दिसतं तेच बाहेरही दिसतं का, हे मला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "फक्त घरचं ऐकून ठरवता येत नाही. काही मुलं फक्त घरीच अशी वागतात, त्याची कारणं निराळी असतात." त्यांनी शाळेसाठी एक छापील कागद दिला. वस्तू हरवते का, जागा सोडते का, मध्येच बोलते का, असे प्रश्न. पुढे खुणेचे रकाने.

शाळेतून तो कागद आठवड्याने आला. प्रत्येक ओळीसमोर एकाच रकान्यात खूण: कधीच नाही.

डॉक्टरांनी तो बघितला, वाकून टेबलाखाली बघितलं. "या कागदावरची मुलगी आणि इथं खाली बसलेली मुलगी एक दिसत नाही," म्हणाल्या. हसत होत्या, पण निदान पुढं ढकललं. मी घाबरले. म्हणजे मीच खोटी ठरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंना गाठलं. तरुण पोरगी, परगावची, आमच्याच जुन्या घरातली एक खोली तिला राहायला दिलेली. मी म्हटलं, "मॅडम, ऋतुजा वर्गात खरंच एका जागी बसते?"

तिने इकडंतिकडं बघितलं. "ताई, ती खिडकीत बसती. रोज. मी उतरवती, ती परत चढती. पन तात्यांच्या नातीबद्दल मी कागदावर काय लिहू? राहायला त्यांचीच खोली, समितीवर तेच. तोंडी काय बी सांगते. लिहून न्हाई."

पुढचे कित्येक महिने असेच गेले. मी माझ्याच लेकीची तक्रार करणारं माणूस शोधत होते. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "गुणाची हाय हो पोर." मुख्याध्यापक म्हणाले, "चेअरमनसाहेबांचं रक्त हाय, चलाख असनारच." ज्यांच्या घागरी तिने लवंडल्या त्याही बायका हसून विषय टाळायच्या. आणि टँकर आला की मी गाठ मारतच होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "शाळा सोडून तिला रोज बघणारं दुसरं कुणी आहे का? ज्याला तुमच्या घराची भीती नाही असं?"

माझ्या तोंडून निघालं, "होतं एक माणूस."

दत्ता जमिनीकडं बघत बसले. टाकीचं त्यांनाही माहीत होतं हे मला तेव्हा कळलं.

छावणीत

सोपानमामा जवळच्या चारा छावणीत दुसऱ्यांची जनावरं सांभाळत होते. मी एकटीच गेले. छावणीत ऊस आणि शेणाचा वास, पत्र्याखाली ओळीने म्हशी. ते वैरण टाकत होते. मला बघून त्यांनी पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "या सूनबाई," म्हणाले. बसायला पोतं टाकलं.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर, कागद, शाळा. ते ऐकत राहिले.

"म्हंजी पोरीबद्दल खरं सांगायचं, येवढंच?"

"हो मामा."

"ते सांगीन की. धा मिनिटं एका जागी न्हाई बसत ती. उचललेल्या कॅनखाली जाती. मी किती येळा वढून काढली. पन म्हशीला कुठं खाज सुटली ते तिला आधी कळतं. तेबी सांगू का?"

"तेबी सांगा."

"आन टाकीचं?"

मी मान खाली घातली. "टाकीचंबी सांगा."

"तुमाला ठावं व्हतं?"

"त्याच दिवशी."

मग म्हणाले, "मी पल्याडच्या अंगाला व्हतो. पिलामागं पळताना दिसली मला. आत येऊन बघतो तर टाकी मोकळी. पन लेकराचं नाव चारचौघात कसं घ्यावं? म्हनून गप ऱ्हायलो. मला वाटलं, मोठी माणसं हायेत, तुमी तरी बोलाल." एवढं बोलून उठले, पाटी उचलली. "मग इतके दिवस कावून गप ऱ्हायल्या तुमी?"

मी दुसरी पाटी उचलून त्यांच्या मागं गेले.

"कदी जायचं बीडाला?" त्यांनी वैरण टाकता टाकता विचारलं.

निदानाचा दिवस

एसटीत ऋतुजा त्यांच्याच मांडीवर बसली. जाताना पूर्ण वेळ तिने त्यांच्या टोपीची घडी घातली आणि मोडली.

डॉक्टरांपुढं सोपानमामा उभ्यानेच बोलायला लागले, त्यांना बळेच बसवलं. त्यांनी काही वाढवून सांगितलं नाही, काही झाकलं नाही. टाकीचं सांगताना एवढंच म्हणाले, "मुद्दाम न्हाई केलं तिनं. नळ ध्यानातूनच गेला." डॉक्टर लिहीत होत्या. मग त्यांनी वर्गाच्या बाईंना फोन लावला. "लिहू नका. नुसतं बोला माझ्याशी," म्हणाल्या. त्या पोरीने पंधरा मिनिटं न थांबता सांगितलं. खिडकी, हरवलेल्या पेन्सिली, अर्धवट वह्या, आणि मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही म्हणून एकटीच भिंतीला टेकून बसणारी ऋतुजा. हे शेवटचं मला माहीत नव्हतं.

मग डॉक्टरांनी नाव सांगितलं.

दत्तांनी पहिला प्रश्न विचारला, "आमच्या लाडानं झालं का?"

"नाही."

"मग मारून गेलं असतं का?"

"नाही. ती तुमचं ऐकत नाही असं समजू नका. तिचं लक्ष तिच्या स्वतःच्या हातात नाही. ते हातात यायला तिला मदत लागेल, काही वर्षं लागेल."

मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी ती ओढणी आठवली. मी बांधण्याचं सांगून टाकलं. दत्तांना ते माहीत नव्हतं. मला वाटलं, आता डॉक्टर ओरडतील. त्या म्हणाल्या, "ते आजपासून बंद." आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला घरात मदत कोण करतं?"

मी आठवत बसले. नाव सापडेना.

ऐनवेळचे विषय

घरी आल्यावर लपवणं शक्य नव्हतं. तात्यांनी फाईल चाळली, मिटली. "चेअरमनच्या घरात येडी पोर हाय असं लिवून आनलं? आन सोपान्याला संगं घेऊन?" आवाज चढला नव्हता. मग म्हणाले, "उद्या हिला करंल कोन? याचा इचार केला का कुनी?" ते दुष्ट नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपुढं ते नेहमी हुकूमच करत आले.

गोळ्या द्यायच्या नाहीत, बीडला जायचं नाही, असं ठरलं. त्यांनी ठरवलं. घर त्यांचं, टेम्पो संस्थेचा, माझी जागा त्यांच्या शब्दावरची. बाहेर नुसती धूळ. कुठं जाणार? पंधरा दिवस ती फाईल माझ्या पेटीत साड्यांखाली पडून होती.

मग संस्थेची वार्षिक सभा आली. एक म्हैस माझ्या नावावर आहे, घरातलं एक मत वाढावं म्हणून कधीतरी केलेली. त्यामुळे मी सभासद. दरवर्षी हजेरीचं रजिस्टर घरोघरी यायचं, आम्ही सभासद बायका घरीच सही करायचो. त्या वर्षी रजिस्टर आलं तेव्हा मी सही केली नाही. सभेला गेले आणि मागं बसले. विषय संपत आले, सचिवांनी वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." मी उभी राहिले.

"खाली बस," तात्या म्हणाले.

"मी सभासद हाय तात्या."

सगळे वळून बघायला लागले. मी काय काय ठरवून आले होते ते विसरले. एवढंच म्हणाले, "टाकीचा नळ माझ्या ऋतुजानं सोडला व्हता. सोपानमामांनी न्हाई. पोरीला एक त्रास हाय, त्याचे उपचार करायचेत. पन मला त्या दिवशी ठावं असून मी बोलले न्हाई, ही चूक माझी."

कुणीतरी हसलं. सचिव पेन धरून तात्यांकडं बघत होते, लिहावं की नाही कळेना. दारात टेम्पो लावून दत्ता उभे होते. तिथूनच म्हणाले, "लिवा. बाप म्हनून माजंबी नाव लिवा."

तात्यांनी समोरचे कागद गोळा केले. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोपानला निरोप धाडा," आणि सभा संपवली.

सोपानमामा लगेच आले नाहीत. छावणीतला महिना पुरा करून आले. माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

आता

सभेनंतर दत्ताच आम्हाला बीडला घेऊन गेले, तात्यांनी अडवलं नाही; उपचार सुरू होऊन आता काही महिने झाले. शाळेच्या दिवशी गोळी असते. दुपारी भूक मरते, म्हणून संध्याकाळी खाऊ घालते. डॉक्टरांनी आम्हालाच जास्त शिकवलं. एका वेळी एकच काम सांगायचं, डोळ्यात बघून सांगायचं, झालं की लगेच शाबासकी द्यायची. सोपं वाटतं, पण डोक्यावर घागर असताना सोपं नसतं. परवाच माझा हात उगारला गेला होता. तिने डोळे मिटून घेतले, ते बघून खाली आला. वर्गात ती आता पहिल्या बाकावर बसते, वह्या वाटायचं काम तिच्याकडं आहे. पाण्याला जाताना तिला सोबत नेते, घागरीचा नंबर मोजायला सांगते. चुकतो बऱ्याचदा. ज्यांना वाटतं की नाव कळलं की सुटलो, त्यांना सांगते, तसं होत नाही. फक्त कुणाशी झगडायचं ते कळतं. आणि लेकराशी झगडायचं नाही, हे कळतं.

तात्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचा चहा ऋतुजाच्या हाती जातो, निम्मा बशीत सांडतो, तोही ते पितात. एकाच छपराखाली असं राहणं जड जातं. यंदाही पाऊस नावालाच झाला, टँकर अजून चालूच आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या वहीत बाईंनी पहिल्यांदा शेरा लिहिला: 'ऋतुजा आज तीन वेळा वर्गाबाहेर गेली. मैत्रिणीचा डबा सांडला. गणिते अपूर्ण. उद्या पूर्ण करून घ्यावीत.' खाली सही. मी तो दोनदा वाचला. 'मैत्रिणीचा' या शब्दावर जास्त वेळ थांबले.

मी दूध मोजायला गेले होते, तेवढ्यात ऋतुजाने ती वही तात्यांपुढं धरली. परत आले तर ते चष्मा लावून ओसरीवर वाचत होते, आणि ती त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवून शब्द दाखवत होती. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. खिशातला पेन काढला, शेऱ्याखाली जिथं बाईंनी 'पालकांची सही' असं लिहून जागा सोडली होती, तिथं सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि वही तिच्या हातात देत म्हणाले, "बस हितं. किती गणितं ऱ्हायलीत, दाखव."